छर्रा किती आत बसवायचा

सरांचा उजवा हात थरथरतो, ही गोष्ट सर सोडून सगळ्यांना मान्य होती. सरांच्या घरी काकूंना मान्य होती, मला होती, समोरच्या मेडिकलवाल्याला होती. खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटला तर असायलाच हवी, कारण तो हात त्याच्याच तोंडात असायचा. सरांचं म्हणणं मात्र असं की हात ठणठणीत आहे, गडबड छर्र्यात आहे. छर्रा बंदुकीच्या नळीत जितका आत बसायला हवा तितका बसत नाही, म्हणून नेम चुकतो, आणि नेम चुकतो म्हणून लोकांना उगाच वाटतं की यांचा हात हलतो.

या वाक्यावर माणसानं काय बोलावं? मी कपाळावर हात मारून घ्यायचे. स्वतःच्या.

सर दातांचे डॉक्टर. श्रीगोंद्यात स्टँडमागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना. मी पुणतांब्याची. दातांच्याच डॉक्टरकीचं शिक्षण संपवून त्यांच्या हाताखाली आले ती काही महिन्यांसाठी, आणि राहिले कितीतरी वर्षं. आठवड्याचे सहा दिवस सर लोकांचे दात बघायचे आणि रविवारी एअर रायफल घेऊन गावाबाहेर भावाच्या कांदाचाळीत जायचे. दोन्ही बाजूंनी कांद्याचे ढीग, मधे चिंचोळी वाट, वाटेच्या टोकाला लोखंडी पत्रा आणि पत्र्यावर टार्गेटचा कागद. ही त्यांची रेंज. कांद्याला भाव आला की भाऊ माल काढायचा आणि सर खूश व्हायचे. भावाला चार पैसे मिळाले म्हणून नव्हे हो, चाळीत ऐसपैस उभं राहता येतं म्हणून. भाव पडला की कांदा सडायचा, त्या वासात उभं राहून हा माणूस श्वास रोखून नेम धरायचा. तसा श्वास तिथं सगळ्यांनीच रोखलेला असायचा.

पण मारायचे सुंदर, हे खोटं कशाला बोलू? जिल्ह्यातल्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत सर असले की बाकीचे दुसऱ्या नंबरसाठी भांडायचे. पाच छर्रे मारले तरी कागदाला भोक एकच, आणि तेही जेमतेम मोठं झालेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचे चार छर्रे वायाच गेले.

त्यांचा सगळा सिद्धांत त्या भोकापाशी सुरू व्हायचा. छर्रा म्हणजे शिशाचा एवढासा तुकडा, मागच्या बाजूनं घागऱ्यासारखा पसरट. लोक तो अंगठ्यानं नळीच्या तोंडाशी दाबतात आणि बंदूक मिटवतात. सर म्हणायचे, इथंच चुकतं. अंगठा कधी जास्त दाबतो, कधी कमी. छर्रा कधी खोल बसतो, कधी काठावर. मग तो प्रत्येक वेळी नळीतून वेगळ्या तऱ्हेनं निघणार आणि वेगळीकडे जाऊन लागणार. प्रत्येक नळीची एक आवडती खोली असते, ती शोधायची आणि मग मरेपर्यंत सोडायची नाही.

आता हे खरं की खोटं, मला माहीत नाही. थोडंफार खरं असेलही. पण त्यासाठी सरांनी हत्यार कुठलं वापरावं? दातात चांदी भरल्यावर ती दाबून बसवायला आमच्याकडे बोथट टोकाची सळी असते, ती. आणि खोली ठरवायला रूट कॅनलच्या सुईवर असते ती रबराची चकती. सुई दातात किती उतरवायची त्या मापावर ही चकती सरकवून ठेवतात, म्हणजे त्यापुढं सुई जात नाही. सरांनी ती सळीवर चढवली. सळी नळीत घालायची, चकती काठाला टेकली की थांबायचं. कल्पना झकास होती, मी नाही म्हणत नाही. पण दवाखान्यातल्या चकत्या एकेक करून कांदाचाळीत जायला लागल्या. पेशंट खुर्चीत, दात उघडा, सुई हातात आणि डबी रिकामी!

"सर, चकत्या कुठं गेल्या?"

"प्रयोगात आहेत."

"अहो, इथं माणूस आ करून बसलाय!"

"त्यांना म्हणावं मिटा थोडा वेळ."

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमानं आम्हा सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. छर्र्याची खोली बदलली तर छर्र्याची डबी तीच, बंदूक तीच, कोट तोच, बूट तेच, उभं राहायची जागा तीच. नाहीतर फरक कशामुळं पडला ते कळणार कसं? रेंजवर हे बरोबरच आहे. पण हा माणूस घरातही तसाच. एकदा ताप आला तर गोळी घेतली आणि दवाखान्यात येऊन बसले. काकू फोनवर माझ्यावर ओरडल्या, मी सरांवर. सर म्हणाले, "गोळीही घेतली आणि आरामही केला, आणि ताप उतरला, तर श्रेय कुणाला द्यायचं?" फोन चालूच होता. काकू कर्जतकडच्या, त्यांना आडपडदा ठाऊक नाही. म्हणाल्या, "मला द्या श्रेय, अन् घरी येऊन गप पडा!"

साखर सोडायची ठरली त्याच आठवड्यात काकूंनी चहाची पावडर बदलली. झालं! ती पावडर संपेपर्यंत सरांनी साखर सोडली नाही. दवाखान्याच्या पाटीला नवा रंग दिला आणि नेमकं जिल्ह्याचं नाव बदललं, तर आमच्या पाटीवर जुनंच नाव. एक बदल झालाय, म्हणाले, तो मुरू दे. आणि चष्मा! नव्या नंबरचा चष्मा करून आणला, पण नव्या डबीतले छर्रे तपासणं चालू होतं, म्हणून तो घरात पेटीत ठेवला. रविवारचं सोडा, सोमवारी पेशंटच्या तोंडात बघतानाही जुनाच चष्मा. मी म्हटलं, सर, दवाखान्यात तरी घाला, इथं कुठं नेम धरायचाय? तर म्हणाले, "डोळे तेच आहेत ना, मॅडम? त्यांना दोन दोन सवयी कशाला लावायच्या?"

मला हा माणूस फार आवडायचा. त्याचाच तर सगळा संताप आहे. आवडला नसता तर मी कधीच दुसरीकडे खुर्ची टाकली असती. मला इंजेक्शन न दुखवता कसं द्यायचं ते त्यांनी शिकवलं. पेशंटशी काहीतरी बोलत राहायचं, गाल हलकेच हलवायचा आणि सुई कधी गेली ते त्याला कळू द्यायचं नाही. आमच्या कॉलेजात शिकवलं होतं, पण असं नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कारखान्यावरच्या कोपीतली, पाचटाच्या झोपडीतली माणसं ठणकणारे दात घेऊन यायची, भेदरलेली, आणि सरांच्या खुर्चीत बसली की पाच मिनिटांत हसायला लागायची. म्हणायची, या डाक्टरचा हात लई हलका.

त्याच हाताचं हे सगळं.

सुरुवात कागदावर झाली. पाच छर्र्यांचं एक भोक व्हायचं ते आता पाच वेगवेगळी भोकं व्हायला लागली, आणि भोकं एकमेकांपासून लांब सरकायला लागली. सरांनी चकती जरा खाली सरकवली. मग जरा वर. प्रत्येक खोलीचा वेगळा कागद, कागदावर खोली लिहिलेली, आणि सगळे कागद सोमवारी दवाखान्यात. मला दाखवायचे, ते एक वेळ ठीक. पेशंटलाही दाखवायचे. बिचाऱ्याच्या तोंडात कापूस, ओठाशी थुंकी ओढायची नळी, आणि वरून सर कागद धरून विचारतायत, "हा बरा वाटतो की हा?" तो काय सांगणार? आ आ करायचा. सर म्हणायचे, "बघा मॅडम, यांनाही हाच वाटतो."

आणि कागद धरलेला तो हात हलत असायचा. कागदाच्या कडेचा फडफड असा बारीक आवाज यायचा. मी पंखा बंद करून पाहिला. आवाज येतच होता.

मग मी खोटं बोलायला लागले. अवघड केस आली की म्हणायचे, सर, यांना बाई डॉक्टरच हवी आहे. कधी म्हणायचे, सर, तुमचा फोन वाजतोय, तुम्ही घ्या, मी बघते हे. सर जायचे, फोन वाजलेला नसायचा, परत यायचे, तोवर मी ड्रिल हातात घेतलेलं असायचं.  पण रोज रोज किती खोटं बोलणार माणूस? एका दिवशी मी शेजारच्या खुर्चीवर कामात होते आणि सरांचं ड्रिल एका पोराच्या ओठाला चाटून गेलं. फार नाही, थोडंसं रक्त आलं, पुसलं, थांबलं. पोरगा पहिलवान गडी होता, हसून म्हणाला, काय न्हाई हो डाक्टर, आखाड्यात लई फुटतंय. सर म्हणाले, दिवा हलला.

दिवा! छताला बोल्टानं आवळलेला दिवा!

त्या दिवशी दवाखाना बंद करताना मी सरळच बोलले. "सर, दिवा हलला नाही. तुमचा हात हलतो. पुण्याला जाऊन मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. नगरलाही आहेत. मी येते सोबत. गोळ्या असतात, काहीतरी असेलच. आणि तोवर ड्रिल धरू नका. आज ओठ होता. उद्या जीभ असेल, परवा जबड्यातली नस. माणसाचा अर्धा चेहरा बधिर होईल आयुष्यभरासाठी. तुम्हीच शिकवलंत ना मला हे?"

सरांनी कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "आधी छर्र्याचं मार्गी लागू द्या. ते चालू असताना औषध सुरू केलं, तर सुधारणा कशामुळं झाली ते कळणार नाही."

मला रडायला येत होतं आणि हसायलाही, आणि त्यांच्या अंगावर काहीतरी फेकावंसंही वाटत होतं. जवळ कापसाचा डबा होता. तो फेकून काय होणार?

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला का माहीत न्हाई? भाजीचा चमचा ताटात वाजतो त्यांचा. मी म्हटलं तर म्हणतात, चमचा नवा आहे. आता तूच बघ बाई. घरात माझं ऐकत न्हाईत, दवाखान्यात तरी तुझं ऐकतात का बघ."

माझं ऐकत असते तर!

त्यांच्या ज्या वागण्यानं माझं डोकं सगळ्यात जास्त उठलं, ते बरेच दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी बंदूकवाली नव्हे. पण एका रविवारी त्यांच्याबरोबर चाळीत गेले, एका कांद्याच्या पोत्यावर बसून पाहत राहिले, आणि माझ्या डोक्यात आलं की हे छर्र्याची परीक्षा घेतायत, मग बंदूक हातात धरून उभ्यानं का मारतायत? बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली तर हात मधे येणारच नाही. मग जे दिसेल ते छर्र्याचं. हे मला कळतं, तर नियमांचा एवढा पक्का माणूस ते विसरेल?

"सर, टेकवून मारा ना."

"स्पर्धेत टेकवायला देत नाहीत."

"स्पर्धा नाही ही. परीक्षा आहे. तुम्हीच म्हणता ना, बाकी सगळं स्थिर हवं?"

"टेकवून कुणीही मारेल," असं म्हणून त्यांनी पुढचा छर्रा सळीनं आत ढकलला. सळी नळीच्या काठावर टकटक वाजली. मग कुठं ती आत गेली.

ते विसरले नव्हते. टेकवून मारलं तर काय दिसेल ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते टेकवत नव्हते. इतके महिने हा माणूस चकती वर-खाली सरकवत होता, कारण चकती सरकवायची थांबली की उरणार काय होतं? त्या पोत्यावर बसल्या बसल्या मला हे कळलं आणि माझा राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला. अहो, स्वतःला फसवायचं तर फसवा. पण सोमवारी त्याच हातानं लोकांच्या जबड्यात जायचं?

मी उठले. "द्या इकडे. मी मारते."

"तुम्ही? तुम्ही कधी मारलंय का?"

"नाही मारलं. म्हणूनच. एकच गोष्ट बदलू या. बंदूक तीच, डबी तीच, सळी तीच, खोल्या तुम्ही ठरवलेल्याच. फक्त बंदूक धरणारा हात बदलू. वाळूची पिशवी धरेल, मी नुसता घोडा दाबेन."

 त्यांचाच नियम. बाहेर चाळीच्या कडेला वाळू पडली होती, ती मी पिशवीत भरली, जुन्या टेबलावर ठेवली आणि बंदूक त्यावर टेकवली. सरांनी मला घोडा कसा दाबायचा ते दाखवलं. शिकवताना त्यांचा आवाज तोच, इंजेक्शन शिकवतानाचा. सावकाश दाबा, कधी सुटला ते तुम्हालाही कळता कामा नये. छर्रे मी स्वतः बसवले, चकती काठाला टेकेपर्यंत. एका खोलीचे पाच, दुसऱ्या खोलीचे पाच, असे सगळे कागद संपवले. माझे डोळे दुखायला लागले, खांद्यात गोळा आला, कांद्याच्या सालपटांनी नाक चोंदलं.

मग सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येकावर चिंचोक्याएवढं एक भोक. खोल बसवलेल्याचं तेवढंच, काठावर बसवलेल्याचंही तेवढंच. एखादं डोळ्यांनी कळेल न कळेल इतकं लहान, बस्स. पहिल्यांदा बंदूक हातात धरलेल्या बाईनं मारलेली ती भोकं होती.

सरांनी एक कागद उचलला, उजेडाला धरला. कागद फडफडायला लागला तसा परत टेबलावर ठेवला, सपाट, आणि वर तळहात ठेवला.

"मॅडम," म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे. तुम्ही नेमबाजी सुरू करायला हवी."

देवा! मी बंदूक तिथंच ठेवली आणि चालत गावात आले. ते मागून गाडी घेऊन आले, शेजारून हळूहळू चालवत होते, काच खाली करून "बसा" म्हणत होते. मी बसले नाही. ऊस भरलेला एक ट्रॅक्टर आमच्यामागं अडकला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला, तरी बसले नाही.

सोमवारी दवाखान्यात आम्ही कामापुरतं बोललो. मंगळवारीही. सर रोजच्यासारखे हात धुवायचे, हातमोजे चढवायचे. चढवायला वेळ लागायचा, मी बघायचे नाही. 

मग एका सकाळी कर्जतकडून एक मावशी आल्या. साठीच्या असतील, नाकात मोरणी, पदर घट्ट खोचलेला, गाल सुजून टम्म. अक्कलदाढ आडवी वाढलेली, काढण्यावाचून इलाज नव्हता. खाली नस अगदी लगत.  मी सरांना बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हटलं, "सर, ही दाढ तुम्ही काढणार असाल तर मी आत्ताच बाहेर जाऊन त्यांना सांगते की काढून घेऊ नका. दुसरा दवाखाना बघा, असं सांगते. तुमच्या तोंडावर सांगते. मग तुम्ही मला काढून टाका."

सरांनी दार उघडलं आणि खुर्चीपाशी गेले.

भुलेचं इंजेक्शन मी आधीच दिलं होतं. मावशींचा ओठ जड झाला होता, शब्द जाडजूड येत होते. भेदरल्या होत्या खूप. सरांनी चिमटा उचलला आणि वाकले, तशी त्यांनी घाबरून सरांचं मनगट पकडलं. घट्ट. मी पाऊल पुढं टाकलं होतं, तोंड उघडलं होतं. मावशी थांबल्या. धरलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग सरांच्या तोंडाकडे.

"आवो डाक्टर, तुमचाच हात कापतुय की! भ्या वाटतंय व्हय तुमाला?"

दिवा, चष्मा, छर्रा, चमचा, आता काय सांगणार म्हणून मी वाट बघत राहिले.

सरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. त्याचा आवाज झाला.

"व्हय मावशी," ते म्हणाले. "लई भ्या वाटतंय. लई दिवसांपासनं."

मी त्यांना असं गावाकडचं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मग ऱ्हाऊ द्या की," मावशी म्हणाल्या. "त्यात काय येवढं! ह्या बाई काढतील. तुमी बसा हितं माझ्यापशी. मलाबी बरं वाटंल."

सरांनी हातमोजे काढले, स्टूल ओढलं आणि मावशींच्या हातात हात देऊन बसले. मी त्यांच्या जागी उभी राहिले आणि चिमटा घेतला. दाढ अवघडच होती, दमवलं तिनं मला. शेवटी निघाली, नसेला धक्का न लागता निघाली, मी कापूस दाबला आणि मावशींना म्हटलं, झालं, आता उठा सावकाश. त्यांनी मान हलवली, पण सरांचा हात काही सोडला नाही.